मऊ जेवणाचा बेत

क्रेनवाल्याने वाडग्यावरचे झाकण उचलले, आत डोकावून पाहिले आणि झाकण पुन्हा होते तसे ठेवून दिले.

“मुनीम,” तो म्हणाला, “आपल्यात आजारी कोण आहे?”

“भोपळ्याचं सूप आहे. गरम आहे तोवर घे.”

“सूप आहे ते कळलं. मागून काय येतंय?”

“वाफवलेला मासा. कुस्करलेले बटाटे. पाव.”

“आणि चावायला?”

सिस्टर खळखळून हसली. तिच्या शेजारी बसलेला मास्तरही हसला. पण मास्तरचे हसणे नेहमीसारखे छप्पर उचलणारे नव्हते, ओठांच्या आतच आवरून घेतलेले होते. ही गोष्ट टेबलावर एकट्या मुनिमाच्या ध्यानात आली आणि त्याने घाईघाईने पावाची टोपली क्रेनवाल्यापुढे सरकवली.

“पावाची कड कडक आहे. चाव हवी तेवढी.”

“अरे, वर्षभर मी लोखंड उचलतो. वर्षातून दोन दिवस शहरात येतो ते भोपळा प्यायला?”

“परवडतंय त्यात बसवलंय. पटत नसेल तर पुढच्या वर्षी तू ठरव.”

या वाक्यापुढे वाद जात नसे, कारण ते काम कुणालाच नको होते.

चौघांची ओळख तरुणपणची. पहिल्या नोकऱ्या लागल्या तेव्हा एकाच इमारतीच्या एकाच मजल्यावर त्यांनी एकेक खोली भाड्याने घेतलेली होती. क्रेनवाला बंदरावर लागला होता, सिस्टर सरकारी इस्पितळात, मास्तर शाळेत चित्रकला शिकवू लागला होता, आणि मुनीम एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या लांबट खोलीत कवळ्या बनवण्याचे काम शिकत होता. पुढे लग्ने झाली, बिऱ्हाडे चार दिशांना गेली, पण वर्षातला एक शनिवार-रविवार मोठ्या शहरात चौघांनी मिळून काढायचा हा शिरस्ता टिकला. उतरायचे लॉज ठरलेले होते, हिंडणे पायी होते. पैसा जाई तो पोटावर. म्हणून सर्वांनी सारखी वर्गणी काढून ती एका पाकिटात घालायची, पाकीट एकाच्या खिशात ठेवायचे, आणि दोन दिवस दुसऱ्या कुणी स्वतःच्या खिशात हात घालायचा नाही, असा नियम त्यांनी खोल्यांवरच्या दिवसांतच करून ठेवला होता. ज्याच्यापाशी त्या वर्षी थोडे असेल त्याला ते जाणवू नये, हा त्यामागचा हेतू. पाकीट सांभाळणाऱ्याला सगळे मुनीम म्हणू लागले, आणि कवळ्या बनवण्यात आयुष्य गेलेल्या त्या माणसाचे दुसरे नाव निदान या चौघांत तरी कुणी वापरीत नसे.

मुनिमाला आपल्या बेतांचा अभिमान होता. त्याला चिक्कू म्हटलेले तो सहन करी, पण बेत म्हणजे काटकसर असे कुणी म्हटले की वाद घाली. काटकसर कुणालाही जमते, तो म्हणे. कमी पैशांत माणसे तृप्त उठली पाहिजेत, आणि त्याला अक्कल लागते. कवळ्यांचा मसाला आणि प्लास्टर आणायला तो अधूनमधून शहरात जाई, तेव्हाच खानावळी हेरून ठेवी. स्टेशनासमोर जेवायचे नाही. मोठे जेवण दुपारीच घ्यायचे, कारण तोच पदार्थ संध्याकाळी दिव्यांखाली आला की महाग होतो. कचेऱ्यांतली माणसे जिथे दुपारी रांग लावतात तिथे जायचे, मात्र रविवारी ती दुकाने बंद असतात हे विसरायचे नाही. आणि बाहेरच्या फळ्यावर काय लिहिले आहे ते वाचण्यापेक्षा, उष्टी ताटे आत जातात त्या वाटेजवळचे टेबल धरून, लोक ताटात काय टाकून उठतात ते पाहायचे.

या वर्षी मात्र त्याने ताटे पाहिली नव्हती. या वर्षी तो जबडे पाहत हिंडला होता.

त्याचे कारण असे होते.

दोन महिन्यांपूर्वी दंतवैद्याने त्याच्याकडे एक माप पाठवले. वरचे सगळे दात काढायचे होते, मुळे कुजलेली होती. दात निघाले की त्याच दिवशी घालता येईल अशी तात्पुरती कवळी आधी तयार हवी होती. मापाच्या डबीवर नाव नव्हते, तसे ते बहुधा नसतेच. मुनिमाने मापात प्लास्टर ओतले, घट्ट झाल्यावर ते उलटे केले, कडा घासल्या, आणि हातातल्या पांढऱ्या दातांकडे पाहत तो तसाच बसून राहिला. डावा सुळा शेजारच्या दातावर किंचित चढलेला. पटाशीच्या एका दाताचा कोपरा उडालेला. त्या सुळ्याने सोड्याच्या बाटलीचे बूच काढून दाखवण्याची पैज त्याने खोलीवर किती वेळा पाहिली होती. तो मास्तर होता.

कवळी बनवायची तर आधी प्लास्टरवरचे दात एकेक करून कापावे लागतात. मुनिमाने ते कापले. मग नवे दात बसवताना त्याने डावा सुळा होता तसा वाकडा लावला, पटाशीचा कोपरा कानसीने उडवला आणि चहाने येतो तसा पिवळेपणा मुळांशी चढवला. दंतवैद्याने कवळी हातात घेऊन, “हे असं कशाला?” म्हणून विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “या तोंडात हेच शोभेल, साहेब.”

दात काढल्यानंतर काही दिवसांनी, दुपारच्या वेळी, मास्तर मागच्या दाराने त्याच्या खोलीत आला. तोंडावर रुमाल होता.

“यंदा मी येत नाही,” तो म्हणाला.

“बस. कवळी हलायला लागली ना?”

मास्तरने रुमाल खाली घेतला. “तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगेल? महिनाभर तुझं तोंड माझ्या टेबलावर होतं.”

मास्तर स्टुलावर बसला. त्याने साच्यांच्या फळीकडे पाहिले. “तरीच म्हटलं, सुळा वाकडा कसा काय आला. सूनबाईलासुद्धा पहिल्या दिवशी कळलं नाही.”

“हिरड्या सुकतात तशी ती सैल होणारच. अजून काही महिने कायमची करता येणार नाही. मऊ खायचं, सावकाश खायचं.”

“घरी तेच चाललंय. नातीचं ताट आणि माझं ताट, सूनबाई एकाच भांड्यातून वाढते. ते ठीक आहे. पण तिथं दोन दिवस समोर तो राक्षस बसणार. घास घेतला आणि ही पडली ताटात, तर?”

“सांगून टाक ना मग. चौघंच तर आहोत.”

“फोटोवाल्याचं मी काय केलं ते विसरलास?”

मुनीम विसरला नव्हता. पूर्वी ते पाच होते. पाचवा फोटोवाला, त्याचे केस फार लवकर गेले आणि एका वर्षी तो सहलीला केसांचा टोप घालून आला. भर खानावळीत मास्तरने तो टोप उचलून पाण्याच्या जगावर ठेवला आणि जगाला फोटोवाल्याच्या आवाजात बोलायला लावले. शेजारची टेबलेसुद्धा हसली. क्रेनवाल्याला ठसका लागला, सिस्टरने डोळे पुसले, मुनीमही हसला. फोटोवालाही हसला होता. पुढच्या वर्षी त्याने काम आहे म्हणून कळवले. त्याच्या पुढच्या वर्षी कळवलेही नाही.

“एवढं जिव्हारी लागेल असं वाटलं नव्हतं रे,” मास्तर म्हणाला. “आता रोज वाटतं. मी काही रागावणार नाही हसलात तर. राग धरायला तोंड कुठं आहे मला? पण मग मीही पुढच्या वर्षी काम आहे म्हणून कळवीन. स्वतःला ओळखतो मी.”

मुनिमाने मेणाची वडी उगाच उलटीपालटी केली. चारांचे तीन झाले तर मग तिघांनी कशासाठी जायचे, हा प्रश्न त्याने उच्चारला नाही.

“तू ये,” तो म्हणाला. “जेवणाचं मी बघतो. दातांनी तुकडा तोडावा लागेल असं काही टेबलावर येणार नाही. आणि माझ्या तोंडून काही जाणार नाही.”

असा तो बेत होता. कारण द्यायचे ते परवडण्याचे. ते कुणालाही खरे वाटणारे होते.

शनिवारची दुपार निभावली. मास्तरने पाव सुपात बुडवून खाल्ला, मासा जिभेने टाळूशी दाबून गिळला आणि बोलायचे टाळण्यासाठी खिडकीबाहेर पाहत राहिला. क्रेनवाल्याने स्वतःचा मासा, मास्तरचा उरलेला मासा आणि टोपलीतला सगळा पाव संपवला. तरी उठताना, “चला, आता कुठंतरी जेवू या,” असे म्हणायला तो चुकला नाही.

संध्याकाळी ते नदीकाठच्या दगडी कठड्याने हिंडत होते. क्रेनवाला मास्तरच्या खांद्यावर हात टाकून पलीकडच्या काठावरच्या क्रेन दाखवीत होता. कुठली जुनी, कुठली नवी, कुठल्यावरचा माणूस कच्चा आहे. सिस्टरने मुनिमाची बाही ओढून त्याला मागे ठेवले.

“खरं सांग. याला गिळायला त्रास होतोय ना?”

“कुणाला?”

“वेड पांघरू नकोस. वजन उतरलंय त्याचं. बोलता बोलता थांबतो. पाव भिजवून खाल्ला, आणि पाणी एकेक घोट. माझा उभा जन्म वॉर्डात गेलाय, मुनीम. ही लक्षणं मला कुणी शिकवायला नकोत. घशाचं आहे का काही?”

“नाही.”

“आणि तुला माहीत आहे. म्हणून हे भोपळा आणि बटाटे.”

मुनीम थांबला. त्याला खोटे बोलण्याचा सराव नव्हता. त्याचे कौशल्य खोटे दात खरे दिसावेत एवढ्यापुरते होते. “आजार नाही,” तो म्हणाला. “एवढं मी तुला सांगतो. पुढचं विचारू नकोस.”

“शपथ घातलीय त्यानं?”

मुनिमाने खिशातले पाकीट चाचपले.

“आजार नसलेल्या माणसाची शपथ मी आजवर पाहिलेली नाही,” सिस्टर म्हणाली आणि शाल घट्ट ओढून पुढे चालू लागली. रात्रीच्या जेवणाला मऊ ऑम्लेट आणि दुधातली पुडिंगे होती. ती सबंध वेळ मास्तरच्या गळ्याकडे पाहत राहिली. एका माणसाचे झाकावे म्हणून आपण दुसऱ्याला घोर लावला, हे मुनिमाला तेव्हा उमगले. पण वचन म्हणजे काही पाकिटातली नोट नव्हे की एकाची मोडून दोघांत वाटावी.

रविवारी सकाळी लॉजच्या गच्चीवर चहा चालला होता, तेव्हा क्रेनवाला खालून जिना चढून आला. इस्त्रीचा शर्ट घातलेला, केस ओले करून बसवलेले.

“आज दुपारचं जेवण माझ्याकडून,” त्याने जाहीर केले. “पुलापलीकडचं ते भट्टीचं हॉटेल. निखाऱ्यावर भाजलेली मटणाची फासळी. टेबल धरून आलोय, पैसेही आगाऊ भरलेत. म्हणजे मुनिमाला तोंड उघडायला जागा नको.”

मुनिमाने कप खाली ठेवला. “पाकीट एक असतं आपलं.”

“असू दे की. ते संध्याकाळच्या चहाला वापर.”

“नियम आहे.”

“नियम कुणासाठी केला होता? कुणाला अवघड वाटू नये म्हणून ना? मग मास्तरकडे बघ. कालपासून लेकाचा सूप पितोय आणि नदी बघतोय. पूर्वी असं जेवण दिलं असतंस तर याने वेटरची नक्कल करून तुझी लाज काढली असती. आता पेन्शनीत आलाय, भीड वाटते त्याला, ‘मला हे हवं’ म्हणायची.” क्रेनवाला मास्तरकडे वळला आणि त्याचा आवाज खाली आला. “गेल्या वर्षी त्या दारात उभा राहून वास घेत होतास. ‘एकदा इथं खायचं’ म्हणाला होतास का नाही?”

“म्हणालो होतो,” मास्तर म्हणाला.

“झालं तर.”

परवडत नाही हे कारण मुनिमाने फार चोख रचले होते. त्यात एवढी एकच फट होती, की कुणी प्रेमाने पैसे पुढे केले तर ते कारण उरत नव्हते. आणि ज्या माणसाला त्याने कालपासून निव्वळ पोटाचा समजून टोलवले होते, त्याने नेमक्या त्याच फटीतून हात घातला होता.

जिन्यात त्याने मास्तरला गाठले. “पोट बिघडलंय म्हण.”

“सिस्टर आहे ना. जीभ दाखव म्हणेल.”

“मग मी भांडतो. नियमावरून. त्याला राग येईल असं भांडतो. तो उठून जाईल, बेत मोडेल.”

“आणि तो?”

“बोलायचा नाही काही महिने. मग बोलेल.”

“आणि नाही बोलला तर?”

मास्तरने कठड्यावर हात टेकला आणि म्हाताऱ्या माणसासारखा, आधी पायरी पाहून मग पाय टाकीत, तो खाली उतरला.

वाटेत मुनिमाने भांडण काढायचा प्रयत्न केला, पण क्रेनवाला इतका खुशीत होता की कशानेच चिडेना. पुलावर तो उलट म्हणाला, “घरी गेलास की वहिनीला सांग, तुझ्या नवऱ्याला आम्ही एक दिवस पोटभर जेवू घातलं. ती माझी दृष्ट काढील.”

भट्टीचे हॉटेल लांबलचक होते. टोकाला काचेआड निखारे दिसत. क्रेनवाल्याने खिडकीजवळचे टेबल मिळवले होते. मास्तरसाठी त्याने स्वतः खुर्ची ओढली. वेटर आला, चार जाड ताटे ठेवून गेला. हाडासकट भाजलेल्या फासळ्या, वरून काळसर, कडा कुरकुरीत, अजून चुरचुरणाऱ्या. शेजारच्या टेबलावरचा माणूस फासळी दोन्ही हातांनी धरून दातांनी ओढीत होता. मुनिमाने त्याचा जबडा पाहिला आणि नजर काढून घेतली.

“घे, मास्तर,” क्रेनवाला म्हणाला. “पहिला घास तुझा. आम्ही थांबतो.”

तिघे थांबले. मास्तरने काटा उचलला, खाली ठेवला.

“हे मला नको,” मुनीम मोठ्याने म्हणाला.

“काय नको?”

“हे दान. पैसे आहेत ते दाखवायला आणलंस आम्हाला. आज तू दाखवलेस, पुढच्या वर्षी ज्याच्याकडे नसतील त्याने काय करायचं? मान खाली घालून तुझी फासळी चघळायची? ज्या दिवशी आपल्यातला एक जण देणारा झाला, त्या दिवशी बाकीचे घेणारे झाले. इतकी वर्षं हे टाळलं, ते तू एका सकाळी मोडलंस. उठा. मी इथं जेवणार नाही.”

यातली वाईट गोष्ट अशी, की मुद्दा खोटा नव्हता. पूर्वी कुठल्याही वर्षी मुनीम तो प्रामाणिकपणे मांडू शकला असता. आज त्याने तो हत्यारासारखा वापरला, आणि तो लागला.

क्रेनवाल्याचा चेहरा हळूहळू उतरला. गळ्याशी खोवलेला कागदी रुमाल त्याने काढला, घडी केला.

“मी दान करतोय,” तो म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “बरं. मला वाटलं, मी मास्तरला जेवायला घालतोय.” त्याने खुर्ची मागे सारली.

“मुनीम, काय बोलतोयस तू?” सिस्टर म्हणाली. “अरे, बस रे तू. याचं डोकं फिरलंय.”

क्रेनवाला उभा राहिला होता.

“खाली बस,” मास्तर म्हणाला.

त्याने मान थोडी वळवली, तोंडापाशी हात नेला, आणि ओली कवळी काढून समोरच्या बशीत ठेवली.

वरचा ओठ आत गेला. गाल बसले, नाक पुढे आले. खोल्यांवरच्या दिवसांत त्याचे वडील कधीमधी मुलाला भेटायला येत, दाराशी चपला काढून अवघडल्यासारखे बसत; त्यांना बाकीच्या तिघांनीही पाहिलेले होते. आता जणू तेच समोर बसले होते.

“भांडण त्याचं नाही,” मास्तर म्हणाला. शब्द सैल, ओले येत होते. “मी त्याला गप्प बसवलं होतं. सूप, बटाटे, सगळं माझ्यासाठी होतं. मला चावता येत नाही. झालं.” त्याने तिघांकडे आळीपाळीने पाहिले. “आता हसा.”

कुणी हसले नाही.

“हसा की रे. फोटोवाल्याच्या वेळी छप्पर उडवलं होतं आपण. मी तयारीने आलोय.”

क्रेनवाला बशीकडे पाहत होता. दुसऱ्या कुठल्याही वर्षी, दुसऱ्या कुणाचीही ही वस्तू असती, तर ती त्याच्या नाहीतर मास्तरच्याच बोटांत चढली असती आणि टेबलावरून बोलत सुटली असती. त्याचे हात टेबलाच्या कडेवर तसेच राहिले. तो खाली बसला.

सिस्टरने दीर्घ श्वास सोडला. “म्हणजे घसा चांगला आहे,” ती म्हणाली, आणि मग तिचे डोळे भरून आले तशी ती चिडली. “मेल्या, एवढंच होतं? रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. कुठल्या डॉक्टरला दाखवायचं, तुझ्या मुलाला कसं सांगायचं, सगळं ठरवून बसले होते मी. दात गेले म्हणून कुणी मेलंय का आजवर?”

“नाही मेलं,” मास्तर म्हणाला.

“मग!”

तिने पर्समधून हातरुमाल काढून नाक पुसले. क्रेनवाल्याने मास्तरचे ताट स्वतःकडे ओढले होते. दोन बोटांच्या अंतराने लोखंडी तुळया जागेवर बसवण्यात ज्याचे आयुष्य गेले होते, तो माणूस सुरीच्या टोकाने हाडाजवळचे मऊ मांस अलग करीत होता. जळकी कड त्याने काढून आपल्या ताटात टाकली. उरलेल्याचे बारीक, आणखी बारीक तुकडे केले, त्यावर ताटातला रस घातला आणि ताट जपून परत सरकवले. कशालाही धक्का लागू नये, अशा बेताने.

मास्तर त्या ताटाकडे पाहत राहिला. हसण्याची तयारी त्याने महिनाभर केली होती. याची त्याच्यापाशी काहीच तयारी नव्हती.

“डावीकडून चाव,” मुनीम म्हणाला. “उजवीकडची हिरडी अजून ओली आहे.”

“माहीत आहे. माझीच आहे.”

त्याने एक तुकडा तोंडात घातला. तिघेही दुसरीकडे पाहू लागले. खिडकीबाहेर, निखाऱ्यांकडे, मिठाच्या डबीकडे.

“कसं आहे?” क्रेनवाल्याने शेवटी विचारले.

“वास जास्त चांगला होता,” मास्तर म्हणाला, आणि दुसरा तुकडा घेतला.

मग सगळे जेवू लागले. क्रेनवाल्याने मुनिमाकडे पाहिले नाही. पण आपल्या ताटातली एक फासळी त्याने, विचारल्याशिवाय, त्याच्या ताटात ठेवली. मुनिमाने ती खाल्ली. सुळ्याचा वाकडेपणा सिस्टरच्या आता ध्यानात आला; तिने बशीकडे थोडे वाकून पाहिले, मुनिमाकडे पाहिले आणि टेबलावरचा एक कागदी रुमाल उलगडून बशीवर पसरला.

गिऱ्हाइकांची गर्दी वाढली. वेटर घाईत होता. येऊन त्याने हाडांची ताटे एकावर एक रचली, काटे गोळा केले, पावाची टोपली काखेत घेतली आणि रुमालाने झाकलेल्या बशीकडे हात नेला.

क्रेनवाल्याचा रुंद पंजा आधी तिथे पोचला. त्याने तो बशीवर अलगद, न दाबता, ठेवला.

“ते असू दे,” तो म्हणाला. “आमचं आहे.”

वेटरने मान डोलावली आणि ग्लास उचलायला घेतले.